भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे माझी जबानी

ज्यांच्या घरात एखादा स्थूल माणूस शस्त्रक्रियेची वाट पाहत असेल, त्यांनी हे लिखाण आजच वाचावे. इतरांनी सवडीने वाचले तरी चालेल. मी स्वतः स्थूल आहे. हा शब्द मी विचारपूर्वक निवडला आहे. आमची कन्या याहून आखूड शब्द वापरते, आणि लखनौचे रिक्षावाले मला पाहताच दुसऱ्या सवारीच्या शोधात असल्याप्रमाणे दूर पाहू लागतात.

व्यवसायाने मी अर्जनवीस आहे. वडील फौजेतून निवृत्त होऊन येथेच स्थायिक झाले. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. परंतु पुढे कचेरीच्या आवारात एका वृद्ध मुंशींच्या शेजारी बसून मी जी विद्या संपादन केली, ती कोणत्याही महाविद्यालयात शिकवली जात नाही. जमिनीचा वाद असो की अडकलेले निवृत्तिवेतन, माझ्या हातचा अर्ज साहेबांच्या टेबलावरून सहसा परत येत नाही. ही बढाई नव्हे. पुढे जे घडले, त्याचे मूळ माझ्या याच कौशल्यात आहे, म्हणून ते आरंभीच नमूद करतो.

निदान

निशातगंजला एका पक्षकाराच्या मुलाच्या लग्नाची दावत झाली आणि दुसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली असह्य कळ उठली. कळ पाठीत गेली, खांद्यात गेली, आणि मी आयुष्यात प्रथमच टाइपरायटरवर वाक्य अर्धवट सोडून घरी आलो. सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी भरलेले होते. सर्जनसाहेब म्हणाले, "मुंशीजी, निकालना पड़ेगा। जितनी देर, उतना ख़तरा।"

बाहेरच्या बाकावर आमच्या सौ., म्हणजे कुंदा, हातात पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना निदान सांगितले.

"दगड? पोटात दगड कुठून आले?"

"शरीर स्वतःच तयार करतं."

"तुम्हाला काही वाया घालवणं जमतच नाही," असे म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सुरीची भीती मला फारशी वाटली नाही. भीती वाटली ती भुलेची. कचेरीत माझ्या शेजारी अर्जांना लावायची कोर्ट-फीची तिकिटे विकणाऱ्या सद्गृहस्थांनी सहानुभूती म्हणून सांगितले होते, "मुंशीजी, मोटा आदमी बेहोश तो झट से हो जाता है, होश में आते-आते रह जाता है।" हे वाक्य मी घरी सांगितले नाही. परंतु त्या दिवसापासून रोज सकाळी डोळे उघडले की ते आठवे.

तोल

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी रुग्णालयात दाखल झालो. तेथे ज्या डॉक्टर बाईंशी माझी गाठ पडली, त्यांना सारा वॉर्ड 'बेहोशीवाली डॉक्टर साहिबा' म्हणत असे. मीही येथे डॉक्टर साहिबाच म्हणेन. शरीराने काटक, सुती साडी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्यांनी प्रथम माझे वजन विचारले. मी म्हणालो, अंदाजाने लिहा.

"दवा वज़न देखकर बनती है, जनाब। अंदाज़े से मैं आपको सुला तो दूँगी..."

त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही. ते मी दिवसभर निरनिराळ्या प्रकारांनी पूर्ण करीत राहिलो.

वॉर्डातल्या काट्यावर उभा राहिलो, तर सुई शेवटच्या आकड्यावर जाऊन थरथरत राहिली. सिस्टर म्हणाली, "इससे आगे ये बताती नहीं।" तेव्हा डॉक्टर साहिबा मला घेऊन थेट रुग्णालयाच्या स्वयंपाकघरामागे गेल्या. तेथे बटाट्यांची पोती तोलण्याचा मोठा लोखंडी काटा होता. मी संकोचाने थबकलो. मुख्य आचाऱ्याने ते ओळखले असावे. त्याने खांद्यावरच्या गमछ्याने काटा स्वच्छ पुसला आणि दिवाणखान्यात बसवावे तशा अदबीने म्हणाला, "तशरीफ़ लाइए बाबूजी। आलू इंतज़ार कर लेंगे।"

मी तशरीफ आणली. जो आकडा आला तो येथे देत नाही. संबंधितांकडे तो दाखल आहे.

रक्तदाब पाहण्याचा पट्टा माझ्या दंडावरून फट्कन सुटला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वॉर्डातून मोठा पट्टा मागवला. तोंड उघडायला लावून आत बराच वेळ पाहिले. मग शिंप्याच्या फितीने माझ्या गळ्याचे माप घेतले.

"शेरवानी सिलवानी है क्या?" मी विचारले.

"वो भी सिल जाएगी। पहले देख लूँ कि साँस का रास्ता कितना तंग है।"

एवढी बारकाईने माझी दखल आजवर कोणी घेतली नव्हती. मनातून मला ते आवडले, हे मान्य करतो.

जबानी

नंतर प्रश्न सुरू झाले. कचेरीचा एक पक्का नियम मी शेकडो पक्षकारांना शिकवला आहे: विचारले तेवढ्यालाच उत्तर, तेही कमीत कमी, आणि जे आपल्याविरुद्ध जाईल ते कागदावर येऊ देऊ नये. डॉक्टर साहिबांच्या हातात कागद होता आणि त्या लिहीत होत्या. माझ्या दृष्टीने ही कोर्टातली पेशीच होती. आपण भूल घेण्यास अपात्र ठरलो, तर शस्त्रक्रिया नाकारली जाईल आणि खडे पोटात राहतील, असा माझा हिशेब होता.

"सोते में खर्राटे लेते हैं?"

"मामूली।"

"दिन में नींद आती है?"

"काम की अधिकता से, कभी-कभार।"

"सोते-सोते साँस रुक जाती है?"

"जी नहीं।"

पलंगाच्या पायथ्याशी कुंदा बसल्या होत्या. त्या मराठीत म्हणाल्या, "अहो, खोटं का सांगताय?"

"तू मध्ये बोलू नकोस. हे सगळं लिहिलं जातंय."

"लिहिलं जातंय म्हणूनच बोलतेय."

डॉक्टर साहिबांना मराठी येत नव्हते, परंतु नवरा-बायकोचे हे बोलणे कोणत्याही भाषेत कळण्यासारखे असावे. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि कुंदांकडे वळून म्हणाल्या, "आप बताइए।"

आमच्या सौ. लग्न होऊन वाईहून येथे आल्या. इतकी वर्षे झाली, तरी त्यांचे हिंदी भाजीवाल्यापुरतेच आहे. तरीही त्या बोलू लागल्या. "रोज रुकती है, साहिबा. एकदम बंद. मैं देखती, देखती, फिर कोहनी मारती. फिर घर्र करके चलती. बाजू पे घुमाती, तो थोड़ा ठीक."

"कब से?"

"हमारी माधवी हुई, तब से."

माधवी म्हणजे आमची कन्या. ती त्या वेळी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तेथेच उभी होती. ती म्हणाली, "मम्मी, आपने कभी बताया क्यों नहीं?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? लहान मूल रात्री रडतं, तर आपण उठतोच ना?"

मी हे सारे प्रथमच ऐकत होतो. माझी झोप गाढ आहे, आणि त्याचे कारण माझी स्वच्छ सद्सद्विवेकबुद्धी आहे, असे मी कचेरीत अनेकांना सांगितलेले होते.

डॉक्टर साहिबा माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "मुंशीजी, मैं दूसरी पार्टी नहीं हूँ। यहाँ जो आप छुपाएँगे, वो मेरे नहीं, आपके ख़िलाफ़ जाएगा। बेहोशी में ये कोहनी मारनेवाली आपके पास नहीं होंगी। वहाँ सिर्फ़ मैं हूँगी, और मुझे मालूम होना चाहिए।"

भर दुपारची झोप

त्यांनी एवढ्यावर भागवले नाही. दुपारच्या जेवणानंतर त्या एक स्टूल घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "सो जाइए।" हुकमावर झोप येत नसते, असे मी त्यांना समजावून सांगू लागलो. ते वाक्य कोठे संपले, मला ठाऊक नाही.

जाग आली तेव्हा डॉक्टर साहिबा स्टुलावर होत्या. आजूबाजूचे रुग्ण आपापल्या पलंगावर उठून बसले होते आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या छातीवर खिळल्या होत्या. शेजारच्या पलंगावरचे तिवारीजी, ज्यांचे हर्नियाचे टाके अजून ओले होते, कपाळ पुसत म्हणाले, "मुंशीजी, आप रोकते थे तो हमारी भी रुक जाती थी। हमारे तो टाँके खुल जाते आज।"

डॉक्टर साहिबांनी कुंदांना बजावले होते, आज यांना हलवायचे नाही, मला पाहू द्या. म्हणून त्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. त्यांनी हात बाहेर काढले तेव्हा तळव्यांवर बाकाच्या फळ्यांचे वळ उठले होते.

"कल ऑपरेशन नहीं होगा," डॉक्टर साहिबा उठत म्हणाल्या. "कुछ हफ़्ते तैयारी करेंगे।"

मुदत

मी अत्यंत क्षुब्ध होऊन आलमबागेतील घरी परतलो. कचेरीत सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता. तिकिटे विकणाऱ्यांनी तर माझा हात हातात घेऊन डोळे मिटले होते. आता त्याच टेबलावर परत जाऊन बसायचे म्हणजे हसे. मी टाइपरायटरवर कागद चढवला.

कुंदा चहा घेऊन आल्या. बिनसाखरेचा होता, त्यावरूनही एक परिच्छेद लिहिता आला असता.

"काय लिहिताय?"

"हरकतीचा अर्ज. रुग्णालयाच्या प्रमुखांकडे. ठरलेली तारीख एका डॉक्टरने परस्पर रद्द केली."

"परस्पर कशी? मी होते की तिथे." त्या समोर बसल्या. "त्या बाई दुपारभर न जेवता स्टुलावर बसल्या, तुमचा श्वास मोजत. तुमच्या कचेरीत कोण कोणासाठी एवढं बसतं?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"बरं. मग मला एवढंच सांगा. तुम्ही त्या ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाहीत, तर मी अर्ज कोणाकडून लिहून घ्यायचा?"

मी कागद काढून घेतला आणि चहा प्यालो. साखरेविना तो खरोखरच वाईट होता.

त्यानंतर घरात जे शासन सुरू झाले, त्याचे वर्णन संक्षेपाने करतो. तंबाखूचे पान बंद. पाठीमागे उशांचा उतार करून, कुशीवर झोपणे. सकाळी बसस्थानकापर्यंत चालत जाणे आणि चालतच परत येणे; रिक्षावाल्यांना त्याचे समाधान वाटलेले मी पाहिले. शिवाय डॉक्टर साहिबांनी एक पाण्याची बाटली आणि रबराची नळी दिली होती. नळीतून फुंकून बुडबुडे काढायचे, म्हणजे फुप्फुसे तयार होतात. मी टंगळमंगळ करू लागलो की माधवी बाटली घेऊन समोर उभी राही.

"पापा, फूँकिए।"

"अगं, आत्ताच फुंकली."

"वो फूँक थी? चाय भी उससे ठंडी नहीं होती। चलिए, फिर से।"

मुलगी मराठी सगळे समजते, उत्तर मात्र हिंदीतच देते. पूर्वी मला याचे वाईट वाटे. त्या दिवसांत तिने कोणत्याही भाषेत दटावले असते, तरी मला गोडच वाटले असते.

अभी नहीं

अखेर तो दिवस आला. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेण्यापूर्वी कुंदांनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

आत डॉक्टर साहिबांनी घड्या केलेली ब्लँकेटे माझ्या पाठीखाली आणि डोक्याखाली स्वतः रचली, पुन्हा काढली, पुन्हा रचली, जोवर मी लोडाला टेकून बसलेल्या नवाबासारखा दिसू लागलो नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना हातांसाठी जादा फळ्या त्यांनी आधीच लावून घेतल्या होत्या. त्यांनी समजावले, की पूर्ण झोपवून मग श्वासाची नळी घालायला गेल्यास माझ्या गळ्यात रस्ता सापडणे कठीण होईल. म्हणून मी जागा असतानाच ती घालायची. घसा बधिर करणारे कडू औषध आधी गुळण्यांसाठी दिले. घसा माझा राहिला नाही. नळी जाताना उबळ आली, डोळ्यांतून पाणी आले. वाचकांपासून लपवत नाही: तो थोडा वेळ वाईट असतो. परंतु त्यांचा एक हात सतत माझ्या हनुवटीखाली होता आणि तोंडाने त्या मंदपणे म्हणत होत्या, "शाबाश। बहुत अच्छे। बस, पहुँच गए।" मोठ्या वयात शाबासकी मिळण्याचे प्रसंग कमीच येतात.

"अब सो जाइए। मैं यहीं हूँ।"

त्यानंतरचे पहिले स्मरण आवाजाचे आहे. खूप दुरून कोणीतरी डोळे उघडायला सांगत होते. मी उघडले. हात दाबायला सांगितला, दाबला. मग हुकूम झाला, "सिर उठाइए, और उठाए रखिए।"

मी डोके उचलले. ते माझ्याच इच्छेविरुद्ध परत उशीवर पडले. नळी अजून घशात होती. बोलणे शक्य नव्हते. बोलण्यावर ज्याचे पोट चालते, अशा माणसाची ती अवस्था किती चमत्कारिक असते, हे कसे सांगू? मला विचारायचे होते की मी आहे ना? कोणीतरी पुरुष, बहुधा सर्जनसाहेब, थकलेल्या स्वरात म्हणाले, "आँख तो खोल रहे हैं। निकाल दीजिए ट्यूब।"

"अभी नहीं," डॉक्टर साहिबा म्हणाल्या.

मी आयुष्यभर लोकांच्या वतीने तारखा पुढे ढकलण्याविरुद्ध भांडत आलो आहे. परंतु त्या दोन शब्दांइतकी दिलासा देणारी मुदत मला कधी मिळालेली नाही. त्यांना घाई नव्हती. माझ्यासाठी कोणीतरी थांबायला तयार होते.

"फिर से, मुंशीजी।"

मी पुन्हा डोके उचलले. पडले. पुन्हा उचलले, आणि या खेपेस मानेला आठवले की तिचे काम काय आहे. डोके वर राहिले. डॉक्टर साहिबांचा चेहरा अगदी जवळ होता. चष्म्यावर वाफ धरलेली होती. नळी निघाली, मी खोकलो, आणि श्वास घेतला. तो माझा मी घेतला.

त्यांनी मला आडवे होऊच दिले नाही. पलंगाचे डोके उंच करून बसते ठेवले, बोटाला चिमटा लावला, आणि त्यांना न विचारता मला झोपेचे किंवा जोरदार वेदनाशामक इंजेक्शन कोणीही द्यायचे नाही, असे वॉर्डात मोठ्याने सांगितले. मग दाराशी उभ्या असलेल्या कुंदांना आत बोलावून माझ्याजवळ बसवले. "अब आपकी ड्यूटी। कोहनी तैयार रखिए।"

खोकला

घरी आल्यावरही हुकूम एकच होता: थोड्या थोड्या वेळाने खोल श्वास घ्यायचा आणि पोटाशी उशी दाबून जोराने खोकायचे, म्हणजे छातीत काही साचत नाही. ज्याला बरगडीखाली टाके आहेत, त्यालाच खोकणे म्हणजे काय ते ठाऊक. प्रत्येक वेळी कुंदा उशी धरत, पाठीवर हात ठेवत आणि माझ्याबरोबर स्वतःही खोकत. मी विचारले, हे कशाला? म्हणाल्या, सोबत.

अशाच एका दुपारी मी आरामखुर्चीत उशांना टेकून बसलो होतो. माधवी महाविद्यालयात गेली होती. कुंदा समोरच्या दिवाणावर बसून माझ्या छातीकडे पाहत होत्या. तशी त्यांना सवयच झाली होती. पाहता पाहता त्यांची मान एका बाजूस झुकली आणि त्या झोपल्या. हातात नळीची बाटली तशीच होती. मी इतकी वर्षे त्यांच्या शेजारी झोपलो, परंतु त्यांना झोपलेले कधी पाहिले नव्हते, हे माझ्या ध्यानात आले. त्यांचा श्वास अगदी हलका आणि एकसारखा होता. मी तो बराच वेळ पाहत बसलो.

मग मला खोकायची वेळ झाली. छाती भरून आली होती, टाळता येण्यासारखे नव्हते. मी उशी पोटाशी धरली, खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि कोणाच्याही मदतीविना उठलो. शस्त्रक्रियेनंतर हे प्रथमच. टाके ओढले गेले, घाम आला. भिंतीला धरत, पाय न वाजवता मी व्हरांड्यात आलो, दार हळूच ओढून घेतले, आणि उशीत तोंड खुपसून खोकलो.

समोरून शेजारचे गुप्ताजी सायकल घेऊन चालले होते. मला उभा पाहून ते आनंदाने ओरडलेच, "अरे मुंशीजी! चलने लगे? भाभीजी कहाँ हैं?"

मी ओठांवर बोट ठेवले.

"धीरे बोलिए," मी म्हणालो. "सो रही हैं।"